आजीच्या लग्नाचा दाखला कोण देणार?

माझे वडील एका सार्वजनिक संस्थेत सफाई कामगार होते. काही वर्षांपूर्वी ते वारले. कुटुंब निवृत्तीवेतनासाठी आईला घेऊन मी त्यांच्या कार्यालयात गेलो. सेवापुस्तकात वारस म्हणून माझ्या आजीचे नाव होते. वडील लग्नाआधी कामाला लागले, नंतर ते नाव बदलायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांना वाचता येत नव्हते. टेबलामागच्या माणसाने कागद चाळले आणि म्हटले, "मावशी, लग्नाचा दाखला आणा. त्याशिवाय काही होणार नाही."

आई गोंधळली. म्हणाली, "दाखला कशाचा, साहेब? सगळ्या गल्लीसमोर झाल्तं की लगीन. पंचशील घेतलं, हार घातलं, जेवान झालं. ह्यो माझा थोरला ल्योक हितं हुबा हाय."

थोरला 'ल्योक' म्हणजे मी. इतिहासाचा प्राध्यापक, घरातला पहिला पदवीधर. पण माझे असणे हा माझ्या आईच्या लग्नाचा पुरावा होत नव्हता. १९८३ साली आमच्या वस्तीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर, पांढऱ्या साडीत, बौद्धाचार्यांच्या साक्षीने झालेल्या त्या लग्नाचा एकमेव कागद म्हणजे ओल लागून डाग पडलेले एक छायाचित्र. नवरा हयात नाही, त्यामुळे आता नोंदणीही शक्य नाही. शेवटी प्रतिज्ञापत्रे, साक्षीदार, कोर्टाच्या फेऱ्या असे सगळे झाले. चाळीस वर्षे ज्या माणसाचा संसार केला त्याची आपण बायको होतो, हे आईला वयाच्या साठीत सिद्ध करावे लागले. त्या काळात ती एकदा म्हणाली, "तुझ्या आजीला इचारलं असतं दाखला, तर तिनं काय दाखवलं असतं रं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे कोकणातील जातींचा इतिहास शिकवताना मी 'शनवार तेली' या नावापाशी थांबलो आणि तेव्हा मला कळले की आजीच्या लग्नाचा दाखला मागण्याची गोष्ट खरोखर घडली आहे. ती मराठी बोलणाऱ्या माणसांच्या बाबतीत घडली, पण महाराष्ट्रात नव्हे. ती इस्रायलमध्ये घडली. तोच इतिहास मला येथे मांडायचा आहे, कारण तो आपल्याही इतिहासाच्या आड दडलेला आहे.

बेने इस्रायल हा कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील यहुदी समाज. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. ही आख्यायिका आहे. परंतु या माणसांनी कोकणातील गावागावांत तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले, हा इतिहास आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, घरात मराठी, लग्नात मेंदी. धर्मग्रंथ हरवलेले, पण सुंता, शनिवारची विश्रांती आणि प्रार्थनेचे काही शब्द टिकलेले. गावाने त्यांना जातिव्यवस्थेत एक पायरी दिली. तेल्याची पायरी, वर नव्हे, अगदी तळालाही नव्हे. अठराव्या शतकापासून ते मुंबईत आले, कंपनीच्या पलटणीत भरती झाले. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले.

येथवर ही एका छोट्या समाजाच्या जिद्दीची कथा आहे. पण तिचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. या समाजाच्या पोटातच 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे दोन भाग होते. ज्यांच्या पूर्वजांचे परधर्मीय स्त्रियांशी संबंध आले असे मानले जाई ते 'काळे'. गोऱ्यांनी त्यांच्याशी बेटीव्यवहार ठेवला नाही. जातिव्यवस्थेच्या शेजारी राहणाऱ्याच्या घरात जात शिरते, ती अशी.

पुढे एकोणिसाव्या शतकात बगदादकडील श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईत आले. आरंभी त्यांनी बेने इस्रायलांच्याच मंदिरात प्रार्थना केली, त्यांच्याच दफनभूमीत आपली माणसे पुरली. जम बसल्यावर १८३६ मध्ये त्यांनी सरकारकडे मागणी केली की दफनभूमीत मध्ये भिंत घालावी. मेलेल्यांच्याही मध्ये भिंत! आपल्या वाचकाला या मागणीचे नवल वाटणार नाही. आपल्याकडे स्मशाने वेगळी आहेतच. बगदादींचे म्हणणे असे की यांचे रक्त शुद्ध नाही आणि यांना विवाह व घटस्फोटाचा धर्मशास्त्रीय विधी माहीत नाही. १९३० च्या दशकात रंगूनमध्ये हाच वाद न्यायालयात गेला. तेथील प्रार्थनामंदिराच्या कारभारात बेने इस्रायलांना मताचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न होता. निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. पण न्यायालयाचा निकाल मनातली भिंत पाडू शकत नाही.

म्हणजे बेने इस्रायलांनी 'काळ्यां'ना खाली लोटले आणि बगदादींनी बेने इस्रायलांना. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. तिच्यात प्रत्येकाला वरच्याची लाथ बसते आणि प्रत्येकाला खाली लाथ मारायला कोणीतरी मिळतो, म्हणून तिच्याविरुद्ध सगळे एकत्र उठत नाहीत.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. त्या वेळी भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. येथे त्यांचा छळ होत नव्हता. या देशात यहुद्यांविरुद्ध दंगली झाल्या नाहीत, हे ते स्वतःच सांगत आले. तरीही ते धर्माच्या ओढीने आणि चांगल्या दिवसांच्या आशेने गेले. पदरी आले ते बीरशेबा, दिमोना, लोद, रामला यांसारख्या गावांतील कष्टाचे जिणे आणि रंगावरून होणारा भेद. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. त्यांना खरोखरच परत आणावे लागले. त्यांतील अनेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. स्वप्न सोडवत नव्हते आणि वास्तव सोसवत नव्हते.

मग आला लग्नाचा प्रश्न. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही. १९५३ च्या कायद्याने तेथील यहुद्यांचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या हाती दिले. रब्बीने लग्न लावले तरच देशात लग्न होते. बेने इस्रायल तरुण-तरुणी इतर यहुद्यांशी लग्न करू लागले तेव्हा काही रब्बींनी ते लावण्यास नकार दिला. कारण काय सांगितले? पहिले, यांच्या पूर्वजांत परधर्मीयांची भेसळ झाली असेल. दुसरे, कोकणात यांना रब्बी नव्हते. मग यांचे घटस्फोट शास्त्रोक्त लेखी पत्राने झाले होते काय? धर्मशास्त्राप्रमाणे 'गेट' हे घटस्फोटपत्र न घेता स्त्रीने दुसरे लग्न केले तर त्या लग्नाची संतती 'ममझेर' ठरते आणि तिचा इतर यहुद्यांशी विवाह निषिद्ध होतो. निपुत्रिक विधवेला दिराकडून मुक्त करून घेण्याचा विधीही यांना ठाऊक नव्हता, असा आक्षेप होता.

थोडक्यात, परदेशात, म्हणजे आपल्या पेण-रोह्यात, दोनशे वर्षांपूर्वी झालेली लग्ने कायदेशीर होती काय, हा प्रश्न होता आणि उत्तर द्यायचे होते त्यांच्या पणतवंडांनी.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य रब्बी मंडळाने निर्णय दिला की बेने इस्रायलांशी विवाह करण्यास बंदी नाही. हायसे वाटावे असा हा निर्णय. पण १९६२ च्या आरंभी त्याच मंडळाने नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना काढल्या: बेने इस्रायल वधू-वराची आई, तिची आई, असे जेवढे मागे जाता येईल तेवढे जाऊन तपासावे, पूर्वजांत कोणाचा घटस्फोट किंवा पुनर्विवाह झाला होता काय तेही पाहावे, शंका आल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे. दार उघडे आहे असे सांगायचे आणि उंबऱ्यावर आजीच्या आजीचा दाखला मागायचा, ही ती रीत. आपल्याकडे जातपडताळणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

बेने इस्रायलांपाशी पुरावा काय होता? त्यांच्या लग्नात 'केतुबा' हा विवाहलेख वाचला जाई, त्यावर सह्या होत. परंतु कोकणातल्या कौलारू घरांत किती पिढ्यांचे कागद टिकणार? पुरावा होता तो माणसांच्या स्मरणात. अमक्याची लेक तमक्या गावी दिली, मेंदीला कोण होते, केतुबा कोणी वाचला. हा पुरावा गावाला पुरे होता, धर्मपीठाला नव्हता.

या माणसांनी मग जे केले ते आपल्या चळवळीने लक्षात ठेवावे. त्यांनी अर्जविनंत्यांवर भागवले नाही. ते संघटित झाले, त्यांनी मोर्चे काढले आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायका-मुलांसह धरणे धरले. एखाद्या कुटुंबाला सवलत देऊन प्रश्न मिटवा, असे त्यांनी म्हटले नाही. सगळ्या समाजावरचा संशयच काढून टाका, असे त्यांनी म्हटले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेची खास बैठक झाली. बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कोणताही भेद नाही, अशी भूमिका पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने घेतली आणि संसदेने रब्बी मंडळाला भेदाची भावना दूर करण्यास सांगितले. मंडळाने सूचनांतून 'बेने इस्रायल' हे नाव काढले आणि त्याजागी ज्याच्याविषयी शंका असेल असा कोणीही, असे शब्द घातले. नाव गेले, शंका राहिली. १९८५ मध्ये इथिओपियातून आलेल्या काळ्या यहुद्यांना लग्नाआधी शुद्धीसारखा विधी करण्यास सांगण्यात आले आणि त्यांनाही जेरुसलेममध्ये मुख्य रब्बी कार्यालयासमोर महिनाभर धरणे धरावे लागले.

याच काळात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एक उलटा निर्णय दिला होता. १९६३ च्या फुंक-श्लेसिंगर खटल्यात एका यहुदी पुरुषाने ख्रिस्ती स्त्रीशी सायप्रस बेटावर नागरी पद्धतीने लग्न केले होते. न्यायालयाने म्हटले की परदेशातील विवाहाचा प्रमाणित कागद समोर आल्यावर नोंदणी अधिकाऱ्याने नोंद केली पाहिजे. विवाह वैध की अवैध हे ठरवणे त्याचे काम नाही. तेव्हापासून ज्यांना देशात लग्न करता येत नाही ती जोडपी सायप्रसला जातात, कागद घेऊन परततात आणि नोंद करून घेतात. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका दिवसात सायप्रसहून आणलेला शिक्का सरकारी दप्तरात चालतो; दोनशे वर्षांचा मराठी संसार धर्मपीठापुढे संशयित ठरतो.

दुसरा दाखला दक्षिण आफ्रिकेचा. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांतातील न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला की ज्या धर्मात अनेक बायका करण्यास मुभा आहे त्या धर्माप्रमाणे झालेले विवाह तेथील कायद्याला मान्य नाहीत. त्यामुळे तेथील हिंदी मजुरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बायका एका निर्णयाने बेकायदेशीर ठरल्या. त्या वर्षीच्या सत्याग्रहात स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यांत कस्तुरबा होत्या आणि तमिळ मजूर स्त्रियाही होत्या. १९१४ च्या कायद्याने एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. ही कथा आपल्या शालेय पुस्तकांत गांधीजींची म्हणून येते. ती ऊसमळ्यातील आणि खाणीतील मजूर बायांचीही आहे.

मी कोल्हापूरचा, म्हणून आमच्या गावचाही एक धागा जोडतो. १९४९ मध्ये विलीन होईपर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या न्यायालयांच्या लेखी कोल्हापूर हा परमुलूखच होता. संस्थानी न्यायालयाचा निवाडा त्यांच्या कायद्यात परकीय निवाडा गणला जाई. ब्रिटिश मुलखात १८७२ चा विशेष विवाह कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे लिहून द्यावे लागे. धर्म सोडा, मग जात ओलांडा, अशी ती अट. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारे विधेयक मांडले. सनातन्यांनी गदारोळ केला आणि ते कायदा होऊ शकले नाही. शाहू महाराजांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये स्वतःच्या राज्यात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. तसा सर्वसाधारण कायदा भारताला मिळायला १९४९ उजाडले. तीस वर्षे जे लग्न पंचगंगेच्या काठी वैध ठरत होते, त्याच्यापुढे संस्थानाची हद्द ओलांडताच प्रश्नचिन्ह उभे राहू शकत होते. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैनांना धर्म न नाकारता नोंदणी विवाह करता येऊ लागला. १९४८ च्या १५ एप्रिलला बाबासाहेबांनी दिल्लीत जो विवाह केला तो नोंदणी पद्धतीचाच. जातीची भिंत ओलांडणाऱ्या त्या विवाहाला त्यांनी भटजीची नव्हे, कायद्याची साक्ष घेतली.

आता या सर्व घटनांचे सूत्र काय? १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीचे मूळ लक्षण शिवाशिव नव्हे, खानपान नव्हे, तर जातीतल्या जातीत विवाह हे आहे. हे मान्य केले की पुढचे आपोआप येते. ज्याच्या हाती विवाहाच्या वैधतेची किल्ली, त्याच्या हाती जातीचे कुलूप. रब्बी मंडळाने आजीच्या लग्नाचा दाखला मागितला तो लग्नाच्या काळजीने नव्हे. कोणाशी बेटीव्यवहार करायचा हे ठरवण्यासाठी मागितला. अलीकडे, २०१६ मध्ये, बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांचे पूर्वज अंशतः मध्यपूर्वेतून आले असल्याचे दिसले. अनेकांना आनंद झाला. मला त्या आनंदाची भीती वाटते. उद्या रक्तात काही सापडले नसते, तर त्यांचे माणूसपण कमी ठरले असते काय? रक्ताच्या पुराव्याने जिंकलेली लढाई रक्ताच्याच न्यायालयाला मान्यता देते.

आपल्या कायद्याकडे येऊ. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धांचा समावेश आहे. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी होऊ शकतो. पण 'रूढी' म्हणजे दीर्घकाळ सतत चालत आलेली, असे तोच कायदा सांगतो. १९५६ मध्ये जुनी रूढी जाणीवपूर्वक टाकून देणाऱ्या समाजाला हा कायदा विचारतो, तुमची जुनी रूढी दाखवा! वेगळ्या बौद्ध विवाह कायद्याची मागणी यातूनच आली आहे. आठव्या कलमाप्रमाणे नोंदणी नसल्याने विवाह अवैध होत नाही. १९७८ मध्ये बद्री प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अर्धशतक पती-पत्नी म्हणून राहिलेल्यांना लग्नाचे प्रत्यक्ष साक्षीदार आणा म्हटले तर थोडेच यशस्वी होतील. दीर्घ सहजीवन हेच विवाहाचे गृहीतक मानले पाहिजे. तत्त्व चांगले आहे. पण ते कोर्टात पोचलेल्याला मिळते. टेबलासमोर उभ्या बाईला मिळत नाही.

पुराव्याचा प्रश्न स्त्रीच्या बाजूनेही पाहिला पाहिजे. १९६५ च्या भाऊराव लोखंडे खटल्यात, जो आपल्याच महाराष्ट्रातला आहे, दुसरे लग्न करणारा पुरुष द्विभार्या गुन्ह्यातून सुटला, कारण दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही. विधी अर्धवट ठेवायचे, पहिलीला वाऱ्यावर सोडायचे आणि दुसरीलाही हक्क द्यायचा नाही, ही वाट पुरुषाला अशी मोकळी मिळते. म्हणून नोंदणी हवीच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश दिले ते योग्यच. पण २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणी-दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. म्हणजे विधी आणि कागद दोन्ही सांभाळले पाहिजेत.

आज आपली मुले-मुली शिक्षणासाठी आणि कामासाठी परदेशी जात आहेत. पती-पत्नीला सोबत न्यायचे तर नोंदणीचा दाखला आणि त्यावर परराष्ट्र खात्याचे प्रमाणन लागते. परदेशातच लग्न करणाऱ्यांसाठी १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. त्याखाली आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येते आणि तिथल्या कायद्याने झालेल्या लग्नाला ठरावीक अटींवर मान्यता मिळवता येते. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ही माहिती वस्तीत पोचवली पाहिजे. विहारात लग्न लागले की त्याच आठवड्यात नोंदणी झाली पाहिजे आणि त्याची जबाबदारी लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी घेतली पाहिजे. सेवापुस्तकात पत्नीचे नाव लागले आहे की नाही, हे कामगार संघटनांनी तपासून घेतले पाहिजे.

परंतु एवढ्याने भागणार नाही. ज्या पिढ्यांना अक्षर नाकारले त्यांच्याकडे कागद मागणे हा कारभारातला साधा नियम नाही. तो जुन्या अन्यायाचा पुढचा हप्ता आहे. हयात असलेल्या आपल्या आयाबायांच्या सहजीवनाला शासनानेच पुरावा मानावे, सिद्ध करण्याचा भार संशय घेणाऱ्यावर टाकावा, ही मागणी आपण मांडली पाहिजे. जेरुसलेममध्ये धरणे धरणाऱ्या त्या मराठी बायकांनी हेच म्हटले होते. आणि त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, जी त्यांच्या पूर्वजांना जमली नाही: आपल्या घरातल्या 'काळ्या'ला आपण कोणता दाखला मागतो, तेही तपासले पाहिजे. पोटजातीबाहेर सोयरीक आली की आपल्यातले शिकलेले लोकही कूळ विचारतात, हे मी माझ्या महाविद्यालयात, माझ्या नातलगांत पाहिले आहे.

आईचे निवृत्तीवेतन सुरू झाले. मंजुरीच्या कागदावर तिच्या नावापुढे 'पत्नी' असे लिहिले आहे. तिने तो मला वाचायला लावला आणि म्हणाली, "आत्ता झालं व्हय माझं लगीन?" मी हसलो नाही.